आठ महिने, एक रेकॉर्ड: 'कॉल ऑफ द व्हॅली' वापरून बघितल्यानंतर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू टर्नटेबलचा (म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राचा) आहे की रेकॉर्डचा ते मलाही नीट माहीत नाही. दोन्ही एकाच आठवड्यात घरात आले. टर्नटेबल सेकंडहँड, लॅमिंग्टन रोडवरून, आणि रेकॉर्ड चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरच्या एका दुकानातून, जिथे मालकाने दोनदा छातीवर हात ठेवून सांगितलं की एकदम मिंट आहे साहेब, सुईसुद्धा लागलेली नाही. चौदाशे रुपये दिले. मिंटची गोष्ट पुढे येतेच.

माझं या अल्बमशी नातं जुनं. आधी कॅसेट, मग सीडी (काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेली, ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा मी खरंच दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नव्हतो), मग फोन. म्हणजे तीस वर्षं ऐकतोय. तरी काही लोक याला 'परफेक्ट अल्बम' का म्हणतात ते मला या आठ महिन्यांत कळलं, आणि ते मला वाटत होतं त्या कारणाने नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६७ सालचं रेकॉर्डिंग, पं. शिवकुमार शर्मा संतूर, पं. हरिप्रसाद चौरसिया बासरी, पं. ब्रिजभूषण काबरा गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचे निर्माते ग. ना. जोशी, होय तेच, वकिली सोडून भावगीतं गायला लागले ते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि प्रत्येक वेळेला त्या त्या प्रहराचा राग. अहीरभैरव-नटभैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. संपलं. पाचच.

आता लोक काय म्हणतात, परफेक्ट अल्बम म्हणजे ज्यात एकही गाणं स्किप करावंसं वाटत नाही. मीही तेच म्हणायचो. पण मग माझ्या फोनमध्ये चाळीस गाण्यांची एक प्लेलिस्ट आहे त्यातलंही मी काही स्किप करत नाही, तिला कोणी परफेक्ट म्हणेल का? म्हणून मी एक उद्योग केला, तिसऱ्या महिन्यात. फोनवर याच अल्बममधून पिलू काढून टाकला आणि पंधरा दिवस ऑफिसला जाता-येता तसाच ऐकला. पिलूच का, तर पाचातला मला सगळ्यात कमी आवडणारा तोच. मुलुंडहून स्लो लोकल पकडली की एरवी हा अल्बम भायखळ्याच्या आसपास संपतो, आता परळ-करी रोडलाच संपायला लागला, ते सोडा. पण नटभैरवातून एकदम भूपात गेलं की असं व्हायचं की दुपारी जेवून पडलो आणि उठलो तर दिवेलागण झालेली, मधला दिवस कुठे गेला कळेना, तसं जड जड. पिलू स्वतः फार मोठं काही करत नाही. तो दुपार आणून ठेवतो, म्हणून पुढची संध्याकाळ संध्याकाळ वाटते. मला न आवडणारा तुकडा काढला आणि आवडणारा बिघडला. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख झालं.

उलटा प्रयोग करायची गरजच नव्हती कारण तो रेकॉर्ड कंपनीने आधीच करून ठेवलाय. सीडी काढली तेव्हा मूळ पाचाच्या मागे तीन जास्तीचे तुकडे लावले. वादन उत्तम आहे हां, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहाडी संपला म्हणजे रात्र झाली, मेंढपाळ घरी गेला, आणि आता हे कोण आलं? पंगतीत वरणभात, मसालेभात, जिलबी, ताकभात सगळं होऊन माणूस हात धुवून आला आणि त्याला परत पानावर बसवून म्हणायचं की भजी राहिली होती, घ्या. भजी कितीही कुरकुरीत असली तरी आचवलेल्या माणसाला नको असते. माझी सीडी मी वर्षानुवर्षं पाचव्या तुकड्यानंतर उठून बंद करायचो आणि मला वाटायचं हा माझा चक्रमपणा आहे, नंतर बोलता बोलता असे आणखी तिघे निघाले.

बरं, रेकॉर्डमध्ये वेगळं काय? एक गोष्ट जी फोनवर कधीच कळली नाही. पहिल्या बाजूला अहीरभैरव-नटभैरव आणि पिलू, दुसऱ्या बाजूला भूप, देस, पहाडी. म्हणजे दुपार संपते तिथे बाजू संपते. तुम्ही उठता, सुई उचलता, रेकॉर्ड उलटता, येऊन बसता, आणि तोवर संध्याकाळ झालेली असते. ते मधलं अर्धं मिनिट अल्बमचाच भाग आहे असं मी आता कुणाशीही भांडून सांगेन. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच मावतात ही खरं तर मशीनची अडचण, पण तिच्यामुळे कोणाला काय किती वाजवायचं हे काटेकोर ठरवावं लागलं. मैफिलीत अहीरभैरव तास-दीड तास चालतो, इथे नटभैरवाला सोबत घेऊन साधारण बारा मिनिटांत आटपायचा आहे, मग कोणीच पाल्हाळ लावत नाही.

आणि तिघांची वाद्यं बघा. संतूर त्या काळात शास्त्रीयवाल्यांच्या लेखी पाहुणं होतं, शिवकुमारजींनी ते मुंबईत १९५५ साली मैफिलीत आणलं तेव्हा मोठी टीका हीच की यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, काडीने तारेवर ठोका मारला की थेंब पडतो आणि विरतो, सूर ओढता येत नाही. बासरीला पन्नालाल घोषांनी नुकतंच मानाचं पान मिळवून दिलेलं. आणि गिटार तर काय, हवाईयन, मांडीवर आडवी ठेवून तारेवर सळई सरकवायची, पण तीच सळई मींड इतकी सुंदर काढते की संतूरला जे जमत नाही ते ती करते. म्हणजे एकाचा थेंब, दुसऱ्याचा ओघ, तिसऱ्याचा श्वास. यातलं एक वाद्य जरी सगळं काही करणारं असतं, म्हणजे सतार वगैरे, तर बाकीचे दोघे साथीदार झाले असते. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

आता मशीन. पहिले दोन महिने मी खूश होतो. मग माझी आत्या आली. आत्या म्हणजे तानपुरा घेऊन घरी शिकवण्या घेणारी, चौऱ्याहत्तर वर्षांची, कान असा की खालच्या मजल्यावरची घंटा कुठल्या स्वरात वाजते ते सांगेल. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "काय रे, ही पट्टी चढलीय."

म्हटलं, "आत्या, ओरिजिनल रेकॉर्ड आहे, अशीच असणार."

"अरे ओरिजिनल असू दे नाहीतर देवाने दिलेली असू दे, मी हे तीस वर्षं कॅसेटवर ऐकलंय, षड्ज वर गेलाय. तुझ्या यंत्राला घाई झालीय."

मी मनात म्हटलं वय झालं. पण किडा डोक्यात शिरला. स्पीड तपासायची जुनी युक्ती म्हणजे स्ट्रोबचा कागद, गोल चकती, तिच्यावर १८० काळ्या रेघा, रेकॉर्डसारखी ठेवायची आणि फिरवायची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो त्यामुळे वेग बरोबर ३३⅓ असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. छापली, ठेवली, काहीच दिसेना. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं की घरात सगळे एलईडी, ते तसे लुकलुकतच नाहीत. शेवटी जिन्यातल्या पॅसेजमध्ये सोसायटीची एक जुनी चोकवाली ट्यूबलाइट शिल्लक होती, तिच्याखाली स्टूल टाकून एक्स्टेन्शन ओढून टर्नटेबल ठेवलं, शेजारच्या काकू दूध घ्यायला बाहेर आल्या त्यांनी बघितलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं. रेघा चक्क पुढे पळत होत्या. आत्या बरोबर.

मोटरच्या बुडाला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. आधीच्या मालकाने तो पिळून ठेवला होता. घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर, केसाएवढं फिरवायचं, परत बघायचं. पाऊण तास गेला पण रेघा उभ्या राहिल्या. त्या रात्री अहीरभैरव लावला आणि तो इतका निवांत वाटला की मला आत्याला रात्री साडेदहाला फोन करावासा वाटला, केला नाही, अहीरभैरव रात्री लावला म्हणून शिव्या खाल्ल्या असत्या.

याच्यावरून आठवलं. अमेरिकन जॅझवाला माईल्स डेव्हिस, त्याचा 'काइंड ऑफ ब्लू' अल्बम, १९५९ चा, तोही पाचच तुकड्यांचा आणि त्याचेही भक्त परफेक्ट परफेक्ट म्हणून नाचतात. त्याच्या पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे मुळात चढ्या पट्टीत छापले गेले होते, रेकॉर्डिंगच्या वेळी टेपचं मशीन जरा हळू चालत होतं म्हणून, आणि ते नीट करून छापलं कधी, तर १९९२ मध्ये. तेहतीस वर्षं जग चुकीच्या पट्टीत परफेक्ट ऐकत होतं! म्हणजे परफेक्ट म्हणजे बिनचूक हा हिशोबच बाद. त्या वेगात तीन तुकड्यांचं आपसातलं नातं बिघडलं नव्हतं, सगळे सारखेच चढले होते, म्हणून कोणाचं काही अडलं नाही.

पण म्हणून कुठलीही चूक गोड मानून घ्यायची हे मला मान्य नाही. आता मिंटची गोष्ट. माझ्या प्रतीत देसवर एक ओरखडा आहे, आडवा, बोटाच्या पेराएवढा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते म्हणजे दर १.८ सेकंदाला एक टक्. टक्. टक्. तबल्याशी जुळत नाही, मध्येच जवळ येतो आणि परत सुटतो, जीव जातो नुसता. रेकॉर्डप्रेमी मंडळी मला म्हणतात की अरे तीच तर मजा, तो आवाज म्हणजे ऊब, सवय झाली की आवडायला लागेल. आठ महिने झाले, नाही आवडला. तो ओरखडा त्या दुकानदाराचा आहे, अल्बमचा नाही. परत द्यायला गेलो तर म्हणाला सुई खराब असेल तुमची.

सुई खराब होतीच म्हणा, ते वेगळं. पहाडीच्या शेवटी संतूर खरखरायचं. याचं कारण मजेशीर आहे, रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत ते २०-२१ वर येतं, फेरे तेवढेच पण गोल लहान, त्यामुळे तोच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. जाडी सुई तिथे गडबडते. गोल टोकाची काढून लंबगोल टोकाची बसवली, फरक लगेच, दिवसाचा शेवट चांदण्यासारखा स्वच्छ झाला. टर्नटेबलमध्ये एकच खर्च करायचा असेल तर सुईवर करा, बाकी लाकडी बॉक्स वगैरे सगळी चैन.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. जुलैमध्ये रेकॉर्डवर पांढरे ठिपके आले, बुरशी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि सुकवायला उभी ठेवायची. आमच्याकडे ताटांच्या रॅकमध्ये सुकते. पंखा लावू नका, धूळ बसते. आणि आडव्या एकावर एक कधीही ठेवू नका, मुंबईच्या उकाड्यात वजनाखाली वाकायला वेळ लागत नाही.

मशीनला पाचपैकी तीन. रेकॉर्डला, माझ्या प्रतीला, अडीच. अल्बमला मी स्टार देणार नाही, आत्याला विचारा.

आत्याचं असं झालंय की पट्टी सुधारल्यापासून ती दर रविवारी येते. पण ती पूर्ण अल्बम सलग ऐकतच नाही, सकाळी अहीरभैरव, मग म्हणते सुई उचल. पिलू जेवण झाल्यावर तीनला. भूप दिवेलागणीला. देस नऊच्या आधी लावू देत नाही, आणि पहाडी झाल्यावर तिला मुलुंड चेकनाक्यापर्यंत रिक्षा बघून द्यायची. अल्बम पाऊण तासाच्या आतबाहेरचा आणि आत्याची फेरी चौदा तासांची. बायको परवा म्हणाली, पुढची रेकॉर्ड आणशील ती फक्त सकाळच्या रागांची आण.