पॉपर कमांडरमध्ये दिमीर गिल्डमेज: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिने झाले, दर रविवारी आम्ही चौघं पुण्यात मैत्रिणीच्या घरी 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा पॉपर कमांडर हा प्रकार खेळतोय. कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या, हा अनकॉमन (थोडा दुर्मिळ) क्रीचर, बाकीचे 99 पत्ते कॉमन (सहज मिळणारे), बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायची ऊर्जा, देणारे साधे पत्ते) सोडल्या तर एकही पत्ता दुसऱ्यांदा नाही, आणि प्रत्येकाला 30 लाइफ. कॉमन पत्ते स्वस्त, त्यामुळे दिमीर गिल्डमेज कमांडर असलेला माझा अख्खा डेक स्लीव्ह्जसकट तीन हजारांच्या आत बसला.

डेकचा जीव तीन पत्त्यांत आहे: पेरेग्रिन ड्रेक, आर्किओमॅन्सर आणि घोस्टली फ्लिकर. फ्लिकरने दोन्ही क्रीचर क्षणभर बाहेर जाऊन परत येतात. आल्या आल्या ड्रेक पाच लँड अनटॅप करतो, म्हणजे वापरलेल्या लँड पुन्हा वापरता येतात, आणि आर्किओमॅन्सर फ्लिकर ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातून, हातात आणून देतो. फ्लिकरला लागतो तीन माना आणि पाच लँड देतात निदान पाच, म्हणजे प्रत्येक फेरीला दोन शिल्लक. हा लूप हवं तितक्या वेळा फिरवा. दोघांच्या पॉपरमध्ये ड्रेकवर 2016 सालीच बंदी आली, आमच्या प्रकारात मात्र तो चालतो.

पण चौघांच्या टेबलावर नुसत्या मानाने कोणी हरत नाही. एकाला मारून हात रिकामा झाला की उरलेले दोघं मिळून तुमच्यावर येतात. गिल्डमेज मी याचसाठी निवडला. चार माना दिले की तो कोणालाही एक पत्ता ओढायला लावतो, आणि डेक संपल्यावर ज्याला ओढावं लागतं तो बाद. शिवाय तो कमांडर, त्यामुळे शोधत बसावं लागत नाही. मारला तरी दोन माना जास्त देऊन पुन्हा आणता येतो. शेवट करणारा पत्ता कायम हाताशी असणं हे मला लूपपेक्षाही मोलाचं वाटतं.

पहिल्या महिन्यातला एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. लूप जमला, पण नियमाप्रमाणे किती वेळा फिरवणार तो आकडा सांगावा लागतो. मी 400 माना होतील इतका सांगितला. चार मानाला एक, म्हणजे 100 पत्ते. पहिल्या मैत्रिणीकडे 84 होते. 85वा ओढता आला नाही, ती बाद. उरलेले 15 दुसऱ्या मित्राला ओढायला लावले आणि त्यातच त्याला लाइटनिंग बोल्ट मिळाला. मी पुन्हा फ्लिकर टाकला, त्यावर त्याने एका माउंटन लँडच्या मानावर बोल्ट टाकून आर्किओमॅन्सर मारला. ड्रेक एकटाच परतला. पाचही लँड उभ्या, पण फ्लिकर ग्रेव्हयार्डमध्येच. तो डाव गेला. तेव्हापासून मी सरळ 2,000 सांगते. आणि हे सगळं एकाच मेन फेजमध्ये, म्हणजे पाळीच्या एकाच टप्प्यात, उरकायचं, कारण फेज बदलली की साठलेला माना जातो.

तिसऱ्या महिन्यात टेबल शहाणं झालं. रेलिक ऑफ प्रोजेनिटस दोन डेकमध्ये आलं. आर्किओमॅन्सरचा परिणाम व्हायच्या आत त्याने सगळी ग्रेव्हयार्ड साफ केली की फ्लिकर गेलाच. तेव्हा मी ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल, आमच्या भाषेत गॅरी, डेकमध्ये घातला. ड्रेक नसला तरी गॅरी आणि आर्किओमॅन्सरवर फ्लिकर टाकला की तीन मानात तिघांचे दोन-दोन लाइफ जातात, मला सहा मिळतात आणि फ्लिकर परत हातात. सहा लँडवर एका टर्नला दोनदा. इथेही रेलिक आडवं येतंच, पण तिथपर्यंत गॅरीने आपलं काम केलेलं असतं. गेल्या तीन महिन्यांतले निम्म्याहून जास्त विजय याच वाटेने आले.

फ्लिकर शोधायला मिस्टिकल टीचिंग्ज आणि ड्रिफ्ट ऑफ फँटॅझम्स पुरतात. घाई मात्र करू नका. कोणीतरी आधी जिंकायचा प्रयत्न करतोच आणि निळ्या डेकवाल्याचा काउंटर, म्हणजे दुसऱ्याचा पत्ता रद्द करणारा पत्ता, त्यावर खर्च होतो. मी त्याच्या लँडकडे बघत थांबते.

नवशिक्यांसोबत हा डेक मी काढत नाही. लूप सुरू झाला की बाकी तिघं पाच-पाच मिनिटं नुसते बघत बसतात, आणि ज्याला पत्ते वाचायलाच वेळ लागतो त्याचा तिथे विरस होतो. आमच्याकडे नवा कोणी आला की मी बिनकॉम्बोचा, म्हणजे असा लूप नसलेला, हिरवा डेक काढते, आणि गिल्डमेज निघतो तो दुसऱ्या डावाला, तोही आधी तिन्ही पत्ते दाखवून.