कोथिंबिरीचं तयार किट: बी ठेवा, कुंडी बदला

घरी कोथिंबीर लावायचं तयार किट उघडलं की आत बहुतेक हेच असतं: जेमतेम १० सेंमी उंचीची प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची कुंडी, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) दाबलेली चकती, बियांची पुडी, कुंडीखाली ठेवायची बशी, फवारणीची छोटी बाटली आणि सूचनांचा कागद. यातलं बी आणि कोकोपीट कामाचं आहे. कुंडी दिसायला छान, पण कोथिंबिरीसाठी चुकीची. आणि सूचना अर्धवट, त्यातच बरीचशी रोपं जातात.

आधी कुंडी. कोथिंबिरीचं सोटमूळ सरळ खाली जातं. १० सेंमीच्या कुंडीत ते थोड्याच दिवसांत तळाला टेकतं. एवढीशी माती उन्हात दिवसभरात कोरडी पडते, रोपाला ताण बसतो आणि ते पानं सोडून फुलावर येण्याच्या मागे लागतं. पहिल्या खुडणीत मूठभर पानं मिळतात, मग नुसता दांडा आणि शेपूसारखी बारीक पानं. दोष बियांना दिला जातो, पण बहुतेक वेळा तो कुंडीचा असतो. कोथिंबिरीला किमान १८ ते २० सेंमी खोल, २५ ते ३० सेंमी रुंद आणि तळाला चार-पाच भोकं असलेली कुंडी लागते. पत्र्याच्या शोभेच्या डब्याला अनेकदा भोकच नसतं, तेवढं उलटं करून बघाच. 'लहान कुंडीत उगवून मग मोठीत हलवू' हा बेतही नको. सोटमूळ दुखावलं की रोप मान टाकतं, तगलं तरी लवकर फुलावर येतं. बी पहिल्या दिवसापासून मोठ्या कुंडीतच पेरा.

कोकोपीट पाणी छान धरतं, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं. नुसत्या चकतीत रोपं तरारून उगवतात आणि खरी पानं फुटू लागली की पिवळी पडतात. ते बाजूला न टाकता एक भाग कोकोपीट, एक भाग भुसभुशीत माती आणि एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत किंवा शेणखत असं मिश्रण करा. ताजं शेणखत नको, मुळं जळतात. कोकोपीट क्षारयुक्त असू शकतं, म्हणून भिजवल्यावर एकदा पिळून पाणी फेकून द्यावं.

बी ही किटची जमेची बाजू. स्वयंपाकघरातले धणेही उगवतात, पण ते किती जुने आहेत हे कळत नाही. पुडीवर पॅकिंगची तारीख आणि वाणाचं नाव असेल तर उत्तम, उशिरा फुलावर येणारा वाण असेल तर त्याहून उत्तम. बी गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे असं समजा. उरलेलं बी चुकूनही फोडणीत किंवा मसाल्यात जाऊ देऊ नका.

आता जे सूचनांच्या कागदावर अनेकदा नसतं. एका धण्यात दोन बिया असतात. धणे कापडावर पसरून लाटण्याने अगदी हलका दाब द्या, दोन फाकी सुट्या झाल्या की थांबा. कापडावर पूड दिसायला लागली तर दाब जास्त झाला, ते बी गेलं. मग ८ ते १० तास पाण्यात भिजवा, पाणी निथळा, १ ते १.५ सेंमी खोल पेरा आणि माती हाताने दाबा. ३० सेंमीच्या कुंडीला ६०-७० फाकी पुरतात. पूर्ण पुडी ओतली की रोपांची दाटी होते, ती लांबुडकी वाढून आडवी पडतात. उगवण ८ ते १५ दिवसांत होते, गारठ्यात तीन आठवडेही लागतात. 'पाच दिवसांत अंकुर' असं छापलेलं असतं आणि लोक सहाव्या दिवशी माती उकरून बघतात, तिथेच मोड तुटतात. वाट बघा!

फवारणीची बाटली उगवण होईपर्यंतच उपयोगाची. नंतर तिने फक्त वरचा थर ओला होतो आणि मुळं तहानलेली राहतात. बारीक छिद्रांच्या झारीने सकाळी पाणी घाला, तेही बोटाचं पहिलं पेर बुडेल इतकी माती कोरडी लागली तरच. सतत ओल राहिली की रोपं मातीलगत काळपट, नरम पडून कोलमडतात. हा बुरशीचा रोग आहे, पडलेलं रोप उठत नाही. ते काढून टाका, दाटी विरळ करा, बशीत पाणी साचू देऊ नका.

रोज ४ ते ६ तास ऊन मिळालं तर साधारण ४० ते ४५ दिवसांत कापणी सुरू होते. बाहेरचे दांडे आधी खुडा, मधला कोंब सोडा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका. असे दोन-तीन तोडे मिळतात. बागेत जागा असेल तर उरलेलं बी तिथे १५-२० सेंमीवर ओळी पाडून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरा, वाढ कुंडीपेक्षा चांगली होते. मात्र तापमान ३० अंशांच्या वर राहायला लागलं की वाण कुठलाही असो, तुरा येणारच. तो खुडून पानं परत येत नाहीत. एक-दोन झाडं फुलू द्या, मधमाश्या येतात. दाणे तपकिरी झाले की तुरे कापून कागदी पिशवीत उलटे टांगा, पुढच्या पेरणीचं बी घरचंच होईल आणि दुसरं किट घ्यावं लागणार नाही.