नव्या गाडीचे तिरके स्टिअरिंग: कोल्हापुरातील दोन ठिकाणांचा अनुभव

गुढीपाडव्याला घेतलेली आमची नवी गाडी दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडीला नेली, तेव्हा हातकणंगले ओलांडल्यावर शेजारी बसलेल्या बाबांनी विचारले, "स्टिअरिंग असं डावीकडं का धरलंयस?" मी ते मुद्दाम तसे धरले नव्हते, गाडी सरळ जावी म्हणून ते तसे ठेवावेच लागत होते. स्टिअरिंग मध्यावर आणले की गाडी सावकाश उजवीकडे, दुभाजकाच्या दिशेने सरकत होती. बाबांनी एस.टी.त चालक म्हणून 31 वर्षे काढली आहेत. त्यांनी घरी आल्यावर स्टिअरिंगच्या कड्यावर, अगदी वरच्या मध्यबिंदूवर, पांढऱ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी चिकटवली. पुढच्या दिवशी कागलपासून कोगनोळी टोलनाक्याकडे जाताना पाहिले, तर गाडी सरळ धावत असताना ती पट्टी मध्यापासून सुमारे दीड सेंटिमीटर डावीकडे होती. कड्याचा व्यास 37 सेंटिमीटर धरला, तर हा कल जवळजवळ 5 अंशांचा भरतो.

हा दोष दुरुस्त करून घेण्यासाठी मला गाडी घेतली त्या वितरकाच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वेळा आणि शिवाजी उद्यमनगरातील एका टायरच्या दुकानात एकदा जावे लागले. सर्व्हिस सेंटरचे आणि गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला तक्रार नोंदवण्यापेक्षा काम कसे व्हायला हवे होते आणि शेवटी कसे झाले, हे सांगायचे आहे. त्याच न्यायाने दुकानाचेही नाव देत नाही. उद्यमनगरात अलाइनमेंटची (चाकांची दिशा आणि कोन मोजून जुळवण्याची) यंत्रे असलेली दुकाने बरीच आहेत, आणि पुढे वर्णन केलेली पद्धत जिथे पाळली जाते ते दुकान चांगले, असे समजायला हरकत नाही.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण काउंटरवर तो न सांगितल्यामुळेच माझा पहिला दिवस वाया गेला. 'गाडी ओढते' ही एक तक्रार आहे आणि 'स्टिअरिंग तिरके आहे' ही दुसरी. स्टिअरिंग हलकेच सोडल्यावर गाडी आपोआप एका बाजूला जात असेल, तर ती ओढते. त्यामागे दोन्ही बाजूंच्या टायरमधील हवेचा फरक, टायरच्या बांधणीतील दोष, अडकलेला ब्रेक किंवा दोन चाकांच्या कॅम्बर-कॅस्टरमधील (चाकाचा आत-बाहेर कल आणि ते ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल यांतील) तफावत असू शकते. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो, त्यामुळे डावीकडे होणारी थोडीशी ओढ ही रस्त्याचीही असते. माझी गाडी मात्र ओढत नव्हती. स्टिअरिंगला तिच्या पसंतीच्या 5 अंशांवर राहू दिले, तर हात हलके ठेवूनही ती सरळ जात होती. दोष होता तो स्टिअरिंगचा मध्य आणि चाकांचा मध्य एकमेकांशी न जुळण्याचा.

सर्व्हिस सेंटरमध्ये पहिल्या भेटीत सल्लागारांनी सांगितले, "नवीन गाडी आहे मॅडम, हजार किलोमीटर चालली की सेट होईल." हे मुळीच खरे नाही. टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याची, लांबी चेकनट नावाच्या नटने आवळून पक्की केलेली असते; ती किलोमीटर वाढल्याने आपोआप बदलत नाही, आणि बदललीच तर ती अधिक गंभीर गोष्ट ठरेल. मी आग्रह धरल्यावर जॉब कार्डावर 'अलाइनमेंट चेक' एवढे लिहिले गेले. दोन तासांनी गाडी धुऊन-पुसून परत मिळाली, सोबत रंगीत कागद मिळाला आणि त्यावरील सगळे चौकोन हिरवे होते. गाडी दारातून बाहेर काढून मोकळ्या रस्त्याला लागले, तर पट्टी होती तिथेच, दीड सेंटिमीटर डावीकडे.

त्या कागदावर दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे आकडे छापलेले होते, आणि ते सारखेच होते: पुढच्या डाव्या चाकाचा टो अधिक 4 मिनिटे, उजव्याचाही अधिक 4 मिनिटे. (एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि चाके पुढच्या टोकाला किंचित आत वळलेली असली की टो अधिक धरतात.) म्हणजे गाडीला कोणी पान्नाही लावला नव्हता. मोजणाऱ्या मुलाने गाडी सरळ चालवत रॅम्पवर आणली, स्टिअरिंग ज्या कललेल्या स्थितीत आले त्याच स्थितीत राहू दिले, आणि यंत्राने प्रामाणिकपणे सांगितले की चाके सरळ आहेत. चाके सरळच होती, वाकडे होते ते स्टिअरिंग, आणि त्याकडे यंत्राचे कॅमेरे पाहत नाहीत.

दुसऱ्या भेटीत, पहिल्या मोफत सर्व्हिसिंगच्या वेळी, मी पट्टीचा फोटो दाखवला आणि फोरमनना शेजारी बसवून गाडी चालवली. त्यांनी दोष मान्य केला, याबद्दल त्यांना पूर्ण श्रेय देते. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय मला पटला नाही. स्टिअरिंगचे चाक काढून ते दांड्यावर एक दाता सरकवून पुन्हा बसवायचे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या चाकात एअरबॅग आहे, मागे तिच्या विजेच्या जोडणीची गुंडाळलेली पट्टी आहे आणि स्टिअरिंग किती अंश वळले हे मोजणारा सेन्सर त्याच दांड्याशी जोडलेला आहे. शिवाय दात्यावरून सरकवलेले चाक दात्याच्या टप्प्यानेच फिरते, हव्या त्या बारकाईने नाही. आणि मूळ दोष टाय रॉडमध्ये असेल तर रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून टाय रॉड ढकलणारा दांडा) मध्यापासून सरकलेलाच राहतो, त्यामुळे गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते. मी नकार दिला. "बाहेर कुठे हात लावू नका, वॉरंटी जाईल," असेही मला सांगण्यात आले. घरी येऊन पुस्तिका ओळीने वाचली. माझ्या पुस्तिकेत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) ही नेहमीची देखभाल धरली आहे, आणि बाहेरच्या कामामुळे झालेले नुकसान वॉरंटीत बसणार नाही एवढेच म्हटले आहे. बाहेर अलाइनमेंट केल्याने वॉरंटीच संपते, असे त्यात कुठेही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी उद्यमनगरात गेले. दुकान साधे आहे: पुढे टायरची रास, आत एकच रॅम्प, समोरच्या खांबांवर कॅमेरे आणि पडद्याशेजारी ऑइलचे डाग पडलेले एक टेबल. काम करणारे मिस्त्री पन्नाशीचे असतील. मी तक्रार सांगू लागताच त्यांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाले, "ताई, आधी मला चालवू द्या, मग बोलू." ते गाडी घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याने जाऊन परत आले आणि उतरताना एवढेच म्हणाले, "गाडी सरळ हाय, स्टेरिंग डावं हाय." जे समजावण्यात सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्या दोन भेटी गेल्या, ते त्यांना दहा मिनिटे गाडी चालवून समजले होते. इथेच माझा या दुकानावर विश्वास बसला.

पुढचे काम मी रॅम्पशेजारी उभी राहून पाहिले. प्रथम चारही चाकांतील हवा तपासली. वितरकाकडून आलेल्या गाडीत पुढच्या दोन चाकांमध्ये 3 पीएसआयचा फरक निघाला, तो दूर करून दाराच्या कडेला छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरली. मग गाडी वर घेऊन पुढच्या चाकांना वर-खाली आणि आजूबाजूला हलवून सांध्यांत कुठे ढिलाई नाही ना, हे पाहिले. चाकांवर कॅमेऱ्यांनी टिपायच्या लक्ष्यपाट्या चढवल्या, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रिमचा आणि क्लॅम्पचा वेडेवाकडेपणा यंत्राला हिशोबात घ्यायला लावला. एवढे झाल्यावर जे झाले, तेच सर्व्हिस सेंटरमध्ये राहून गेले होते: त्यांनी स्टिअरिंगच्या आडव्या आऱ्यांवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर आला तेव्हा सीट आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये दांडा ताणून बसवला आणि स्टिअरिंग तिथेच जखडून टाकले.

पडद्यावरील दोन चौकोन तत्काळ लाल झाले. डाव्या चाकाचा टो अधिक 24 मिनिटे आणि उजव्याचा उणे 16 मिनिटे. दोन्हींची बेरीज पुन्हा 8 मिनिटेच, सर्व्हिस सेंटरच्या कागदावर होती तेवढीच. याचा अर्थ असा की चाकांचे एकमेकांशी असलेले नाते बरोबर होते, पण स्टिअरिंग मध्यावर असताना दोन्ही चाके मिळून 20 मिनिटे उजवीकडे पाहत होती. स्टिअरिंग साधारण 15 अंश फिरवले की चाक एक अंश वळते, असे प्रमाण धरले तर 20 मिनिटांसाठी 5 अंश होतात; बाबांच्या पट्टीने दाखवलेला कल अगदी तेवढाच होता. मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा (दोन्ही मागची चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेला) असल्यामुळे त्यात फिरवून बसवण्यासारखे काही नसते. पण त्याचा रोख तपासून तो मध्यरेषेशी जुळतो हे त्यांनी दाखवले. तो तिरका निघाला असता, तर हा दोष एवढ्या सहज सुटला नसता.

खाली वाकून त्यांनी दोन्ही टाय रॉडच्या चेकनटजवळ आट्यांवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण केली. मग एका पान्नाने टाय रॉडचे टोक धरून दुसऱ्याने नट सोडवला, म्हणजे बाहेरच्या बॉल जॉइंटवर पीळ पडत नाही. रॅकच्या रबरी बुटाची क्लिपही सैल केली. तसे न करता रॉड फिरवला तर ते रबर पिळले जाते, कालांतराने फाटते आणि आत पाणी-माती शिरते. एका बाजूचा रॉड जितका लांब केला तितकाच दुसऱ्या बाजूचा आखूड केला, आणि पडद्यावरील दोन्ही आकडे हळूहळू 4 मिनिटांवर येऊन थांबले. नट आवळताना आकडा पुन्हा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा वाचला. स्टिअरिंगच्या सेन्सरसाठी स्कॅनरही लावला. स्टिअरिंगचे चाक काढलेच नसल्यामुळे सरळ स्थितीत त्याचे वाचन शून्याजवळच होते, आणि वेगळे कॅलिब्रेशन करावे लागले नाही.

त्यानंतर मिस्त्रींना शेजारी बसवून मी उजळाईवाडीच्या पुलावरून महामार्गाला लागले आणि गोकुळ शिरगावपर्यंत जाऊन आले. पट्टी मध्यावर आली होती, पण अगदी मध्यावर नव्हती. अजून तीन मिलिमीटर डावीकडे होती. मी काही बोलण्याआधी त्यांनीच बोट दाखवले आणि म्हणाले, "पाणसळीत एवढं र्‍हातंय. चला, परत लावू." गाडी पुन्हा रॅम्पवर गेली, आणखी 4 मिनिटांची फिरवाफिरव झाली आणि दुसऱ्या फेरीत पट्टी मध्यावर आली. रस्त्यावर जाऊन येणे आणि कमी पडले तर पुन्हा रॅम्प चढणे, हा माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नाहीत.

एकूण 700 रुपये झाले. बॅलन्सिंगही करून घ्यावे का, असे मीच विचारले होते, "80-90ला स्टेरिंग थरथरत न्हाई, मग कशाला?" असे म्हणून त्यांनी ते केले नाही. उणिवाही सांगायला हव्यात. एकच रॅम्प असल्यामुळे शनिवारी दोन तास थांबावे लागले, बसायला जागा नाही, आणि मागितल्याशिवाय बिल मिळत नाही. नवी गाडी असेल तर बिल आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांचा कागद दोन्ही मागून घ्यावेत; मी ते घेतले आणि त्यांच्या प्रती सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डाला जोडायला लावल्या. सर्व्हिस सेंटरच्या बाजूने सांगण्यासारखे एवढे आहे की त्यांनी दोन्ही वेळा पैसे घेतले नाहीत, आणि यंत्र त्यांचे या दुकानापेक्षा नवे आहे.

अशीच तक्रार घेऊन कोणी सर्व्हिस सेंटरला जाणार असेल, तर जॉब कार्डावर 'अलाइनमेंट' हा एकच शब्द लिहू देऊ नये. 'सपाट रस्त्यावर सरळ जाताना स्टिअरिंग डावीकडे 5 अंश' असे लिहून घ्यावे आणि स्टिअरिंग समतल जखडून मोजणी करावी, असे स्पष्ट सांगावे. टायर झिजतील या भीतीने घाई करण्याचे मात्र कारण नाही. एकूण टो बरोबर असेल तर सरळ जाताना दोन्ही चाके तो आपापसात सारखा वाटून घेतात, आणि केवळ तिरक्या स्टिअरिंगमुळे टायर खाल्ले जात नाहीत. तरीही हा दोष सोडून देण्यासारखा नाही. वळणावरून परतताना इंडिकेटर एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होतो, घसरण सावरणारी यंत्रणा ज्या सेन्सरवर विसंबते त्याला गाडी सरळ जातानाही वळल्यासारखी भासते, आणि महामार्गावर तासभर चालवले की एका खांद्याला ते जाणवू लागते. मला पहिल्या महिन्यात डावा खांदा दुखत होता आणि मी तो सीटचा दोष समजत होते.

पावसाळ्याचे चार महिने कोल्हापूरच्या खड्ड्यांतून काढल्यावर ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा त्याच रॅम्पवर नेली. पाणसळ ठेवली, दांडा बसवला, आकडे पाहिले: डावीकडे 4, उजवीकडे 5. मिस्त्रींनी पांढऱ्या खुणा हलल्या नाहीत हे टॉर्च मारून मला दाखवले, पान्ना उचललाच नाही आणि 200 रुपये घेतले.