जे दिलंच नाही, ते हरवल्याची भरपाई मी केली

लिहायला लाज वाटते, कारण 22 वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासण्याचाच मी पगार घेतला. तरीही 22,200 गेले, आणि गेले ते घरच्या जिन्यात.

रंगकामासाठी आणलेल्या टॉवरचं भाडं दिवसाला 900, सात दिवसांचे 6,300. ने-आण 1,200. अनामत 15,000. जिन्याच्या वरच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. तिथे शिडी धड टेकत नाही, म्हणून जिन्यात उभा राहणारा ॲल्युमिनियमचा टॉवर, म्हणजे नळ्या जोडून उभी करायची परांची, भाड्याने मागवला. फोनवर दोनदा विचारलं, "जिन्याचाच ना?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "ताई, जिन्यासाठी खास."

चारला यायचं सामान रात्री साडेनऊला आलं. उशीर का, ते आता कळतंय. जिन्यातला दिवा मिणमिणता, टेम्पोवाला घाईत, आणि पावतीवर आधीच छापलेलं, 'पूर्ण संच सुस्थितीत मिळाला.' केली सही. सकाळी सातला रंगारी येणार होते, पुट्टी आणून ठेवली होती. त्या वेळी टॉर्च घेऊन एकेक नळी कोण मोजणार? (मोजा. कितीही वाजलेले असोत, मोजा, आणि मोजताना फोटो काढा.)

चीड येते ती पुढच्या पाच मिनिटांची. टेम्पोवाल्याने एक फ्रेम, म्हणजे शिडीसारखी उभी चौकट, जिन्याखालच्या सपाट जागेवर आणि दुसरी तिसऱ्या पायरीवर धरून दाखवली. आमची पायरी 17 सेंटीमीटरची. तीन पायऱ्या म्हणजे 51. पायातला जॅक, म्हणजे उंची कमी-जास्त करायचा स्क्रू, पूर्ण उघडला तरी 25. हा हिशेब माझ्या डोक्यात तिथल्या तिथे झाला होता. झाला होता! मी विचारलंसुद्धा, "उरलेलं कसं भरायचं?" तो म्हणाला, "खाली विटा लावतात सगळे." आणि मी काय केलं, तर एवढ्या रात्री विटा कुठे मिळतील याचा विचार करायला लागले.

जिन्याच्या खऱ्या टॉवरला विटा लागत नाहीत. वरच्या पायरीकडची बाजू लहान फ्रेमने सुरू होते. फ्रेमचे आडवे दांडे अर्ध्या मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे पायऱ्यांचा मोठा फरक फ्रेमच भरून काढते आणि जॅकवर फक्त राहिलेले थोडे सेंटीमीटर येतात. चारही पाय वेगवेगळे वर-खाली होतात. पायरीवर चाकं नकोत, सपाट प्लेट हव्यात. मला आलेल्या फ्रेम दोन्हीकडे सारख्या होत्या, आणि खाली चाकं.

सकाळी रंगाऱ्यांनी आडव्या दांड्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. म्हणाले, "ताई, यावर मी मांजरसुद्धा चढवणार नाही." फ्रेम एकमेकींना घट्ट धरणाऱ्या तिरक्या नळ्या, म्हणजे ब्रेस, चार कमी, त्यांच्या जागी वापरायला बांधायची तार दिलेली. कठडे नाहीत. पायाने वस्तू खाली ढकलली जाऊ नये म्हणून फळीच्या कडेला उभी पट्टी असते, तीही नाही. आणि वर चढून येण्यासाठी दार असलेली फळी नाही. हे दार म्हणजे चैन नाही. आतून चढायचं, दारात बसूनच दोन्ही बाजूंचे कठडे लावायचे, मग उभं राहायचं. दार नसेल तर माणूस बाहेरून चढतो, आणि त्याच्या वजनाने टॉवर जिन्याच्या पोकळीत कलतो.

सोबत लॅमिनेट केलेलं 'प्रमाणपत्र' होतं, त्यावर ईएन 1004 असं ठळक. ते रात्री पाहून मी निर्धास्त झाले होते, हेही कबूल करते. या युरोपीय मानकाची 2020 ची आवृत्ती नंतर शोधून वाचली. पहिली फळी जमिनीपासून 3.4 मीटरच्या आत आणि पुढच्या फळ्या जास्तीत जास्त 2.25 मीटर अंतरावर हव्यात. मला पाच मीटरच्या टॉवरला मिळून एकच फळी दिली होती, सगळ्यात वर लावायला. कागद बघू नका, जोडणीची पुस्तिका मागा. मी मागितली तेव्हा मोबाइलवर दुसऱ्याच कंपनीच्या टॉवरचं एक पान आलं.

त्याच दिवशी परत न्या म्हटलं. "भाडं सात दिवसांचं ठरलंय." सामान न्यायला आले सहाव्या दिवशी, आणि आठव्या दिवशी कपातीचा तक्ता. ब्रेस 4 हरवले, 4,600. कठडे 4, 3,800. कडेच्या पट्ट्या, 2,400. दाराची फळी 1, 3,900. एकूण 14,700. खात्यावर परत आले 300. म्हणजे पूर्ण संचात काय काय असतं, हे त्यांना चांगलंच पाठ आहे.

चौकीत गेले तर पहिला प्रश्न, "सही तुमचीच ना?" मग म्हणे हा व्यवहारातला वाद आहे, ग्राहक तक्रारीकडे जा. तिथे सांगितलं, पावतीवर फक्त 'टॉवर संच' आहे, जिन्याचा असं लिहिलेलं नाही, लेखी पुरावा आणा. फोनवरचं बोलणं मी कुठून आणू? कामाच्या ठिकाणची सुरक्षितता बघणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी फोटो नीट पाहिले, मान हलवली आणि विचारलं, "कोणी पडलं का?" नाही म्हटल्यावर फाइल मिटली. खासगी घर, अपघात नाही, आमच्याकडे येत नाही. म्हणजे रंगारीदादा शहाणे निघाले, म्हणून माझी तक्रार अपुरी! चौथ्या ठिकाणी ऑनलाइन अर्ज केला. तीन आठवड्यांनी 'निकाली' असा शेरा आला. काय निकाली निघालं ते लिहिलेलं नाही.

शेवटी टॉवर भाड्याने देणाऱ्या माणसालाच मेसेज टाकला, ब्रेसचे पैसे घेतलेत तर ब्रेस आता माझे झाले, निदान ते तरी पाठवा. दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि मग नंबर ब्लॉक.