रंधा, पटाशी, करवत आणि गुण्या : सात वर्षांच्या वापरानंतर

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षे काम करून निवृत्त झाल्यावर मी ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घराच्या गॅलरीत सुतारकाम सुरू केले. गॅलरी नऊ फूट लांब आणि जेमतेम चार फूट रुंद आहे. तिथल्या पेटीतल्या हत्यारांपैकी चार अशी आहेत की, त्यांच्या जागी आणखी चांगले काही असावे असे गेल्या सात वर्षांत मला एकदाही वाटलेले नाही. नवी वस्तू पहिले दोन महिने सगळ्यांनाच आवडते. सात पावसाळे काढल्यावर आणि पन्नासेक वेळा धार लावल्यावर तिच्याबद्दल काय वाटते, ते सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

हाताच्या हत्यारांकडे मी वळलो त्याला जागेचे आणि शेजाराचे कारण आहे. आमच्या इमारतीत दुपारी दोन ते चार ठोकाठोकी चालत नाही, खालच्या घरात तान्हे बाळ आहे आणि शेजारच्या आजी बहुधा अंथरुणावर असतात. अशा ठिकाणी विजेवरची करवत किंवा लाकूड कोरण्याचे राउटर यंत्र चालवणे मला पटले नसते, शिवाय त्यांची बारीक धूळ थेट स्वयंपाकघरापर्यंत गेली असती. रंध्याचा छिलका मात्र झाडूने गोळा होतो. भोके पाडण्याचे ड्रिल तेवढे विजेवरचे आहे आणि ते आपले काम चोख करते.

रंधा मी मुंबईच्या चोर बाजारातून, मटण स्ट्रीटवरच्या एका लहान दुकानातून १,८०० रुपयांना आणला. तो ओतीव लोखंडाचा, ४ नंबरचा, दोन इंच रुंद पात्याचा आहे. पात्यावर शेफील्डचा शिक्का आहे. बनवणाऱ्याचे नाव गंजाने खाल्ले आहे. रचना बेली पद्धतीची आहे. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रंध्यांचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले, आणि आज जगभर, भारतातही, बनणारे बहुतेक लोखंडी रंधे त्याच आराखड्यावर बनतात. दीडशे वर्षे हा आराखडा टिकला, त्याचे कारण हातात घेतल्यावर कळते. आपल्याकडच्या लाकडी रंध्यात पाते पाचरीने आवळतात. छिलका जाड-पातळ करायचा तर हातोडीचे हलके ठोके द्यावे लागतात, आणि त्या ठोक्यांचा अंदाज येण्यासाठी वर्षानुवर्षे कमावलेला हात लागतो. बेली रंध्यात मुठीच्या पुढचे पितळी चाक बोटाने फिरवले की पाते केसाएवढे खाली-वर सरकते, आणि ते एका बाजूला कलले असेल तर वरच्या छोट्या दांड्याने सरळ करता येते. ज्याने आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळला, त्याला ही सोय लगेच भिडते. चाक उलट्या दिशेने फिरवताना सुरुवातीचा अर्धा फेरा रिकामा जातो, हे नव्या माणसाने लक्षात ठेवावे. शेवटचे फिरवणे नेहमी पाते खाली नेण्याच्या दिशेने असावे, म्हणजे काम करताना पाते मागे सरकत नाही.

आणला तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. सगळे सुटे भाग मी लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, सौम्य पाण्यात रात्रभर ठेवले, सकाळी तारेच्या ब्रशने घासले, धुऊन लगेच कोरडे केले आणि तेल लावले. तळावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने, म्हणजे फटी मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजले, तेव्हा मध्यभागी ०.१५ मिलिमीटर खोलगटपणा निघाला. मग १० मिलिमीटर जाडीच्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ८०, १२० आणि २२० नंबर अशा क्रमाने तळ घासला. तळ घासताना पाते नेहमीप्रमाणे आवळलेलेच ठेवावे, फक्त धार आत ओढून घ्यावी. कारण पाते आवळल्यावर ओतीव लोखंडाला किंचित ताण येतो, आणि तोच ताण प्रत्यक्ष कामातही असतो. संपूर्ण तळ आरशासारखा करण्याची गरज नसते. पुढचे टोक, ज्या फटीतून पाते बाहेर येते तिची पुढची कड आणि मागचे टोक एका पातळीत आले की रंधा नीट चालतो. या कामात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या.

या रंध्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पात्यावर बसणारी वरची पट्टी. सागवानात रेषा काही वेळा एका फुटातच दिशा बदलते, आणि उलट्या रेषेवरून पाते गेले की तंतू उपसून लहान लहान खड्डे पडतात. ही पट्टी धारेपासून एक-दीड मिलिमीटर मागे ठेवण्याची सर्वसाधारण सवय आहे. ती धारेपासून ०.२ मिलिमीटरइतकी जवळ आणली की, वर उचललेला छिलका पुढे चिरत जाण्याआधीच पट्टीला थडकून मोडतो आणि तंतू मुळासकट निघत नाहीत. आमच्या भागातली एक जुनी दुमजली इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली, तेव्हा तिच्या दरवाज्याची सागवानी फळी मला मिळाली होती. तिच्यातले खिळे चुंबकाने शोधून काढले आणि तिचा गौरी-गणपतीसाठी चौरंग केला. गाठीभोवतीची रेषा अगदी वेडीवाकडी होती, तरी तो भाग पॉलिश पेपर न लावता केवळ रंध्याने गुळगुळीत झाला. हात फिरवला तर गाठ कुठे सुरू होते ते बोटांना कळत नाही. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या कामासाठी आलेल्या मिस्त्रींनी तो चौरंग पाहिला, रंधा मागून घेतला, एका तुकड्यावर चार हात मारले आणि विचारले, “काका, हा विकायचा आहे का?” चाळीस वर्षे लाकूड तासलेल्या माणसाचा हा प्रश्न मला कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठा वाटतो.

ज्यांना जुना रंधा दुरुस्त करण्यात रस नाही, त्यांनी नवा घेताना पैसे वाचवू नयेत. या रंध्याच्या आधी मी एक स्वस्त नवा रंधा घेतला होता. त्याचा तळ पिळलेला होता आणि पात्याचे पोलाद इतके मऊ होते की सागाच्या एका फळीत धार बोथट व्हायची. दुसऱ्या टोकाला, एका स्नेह्यांकडे मी लाय-नील्सन कंपनीचा रंधा चालवून पाहिला आहे. ही कंपनी १९८१ पासून अमेरिकेतल्या मेन राज्यात रंधे बनवते. तो जड, शांत आणि विलक्षण अचूक आहे, आणि खोक्यातून काढून किरकोळ धार लावली की लगेच कामाला लागतो. त्याची किंमत ज्यांना परवडते त्यांनी तो निःशंक घ्यावा. घरी येऊन मी त्याच संध्याकाळी माझा रंधा त्याच जातीच्या लाकडावर चालवला, आणि मला काही कमी वाटले नाही.

पटाश्या झेक प्रजासत्ताकात बनणाऱ्या नारेक्स कंपनीच्या, ६, १२, २० आणि २६ मिलिमीटरच्या आहेत. त्यांचे पोलाद क्रोम-मँगनीजचे आहे आणि कंपनी त्याचा कठीणपणा रॉकवेल या धातूचा कठीणपणा मोजण्याच्या मापाने ५९ सांगते. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. पोलाद याहून बरेच मऊ असेल तर मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, ठोक्याखाली धार दुमडते, आणि बरेच कठीण असेल तर गाठीवर तिचे कण उडतात. सागवानात नैसर्गिकरीत्या सिलिका असते, म्हणजे धार वाळूतूनच जात असते असे म्हणायला हरकत नाही; त्यामुळे आपल्याकडे पटाशीची खरी परीक्षा पाइनच्या नव्हे, सागाच्या खोबणीत होते. एका लहान देव्हाऱ्याच्या कप्प्यासाठी सोळा खोबणी पाडताना मला धार दोनदाच उजळावी लागली. कूस, म्हणजे खोबणीत शिरणारे फळीचे टोक, हाताच्या दाबाने बसली आणि सांध्यात ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी शिरली नाही.

अर्थात कोणतेही हत्यार त्याच्या धारेइतकेच चांगले असते, आणि धार लावणे ज्याला नकोसे वाटते त्याला जगातले उत्तम पोलादही समाधान देणार नाही. मी २५ अंशांच्या उतारावर टोकाला ३० अंशांची बारीक दुसरी धार ठेवतो, म्हणजे दर वेळी पूर्ण उतार घासावा लागत नाही. आधी हिऱ्याच्या कणांची प्लेट, मग चामड्याच्या पट्टीवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट, असे काम पाच मिनिटांत होते. मागची सपाट बाजू मात्र पहिल्याच दिवशी मन लावून चकचकीत करावी, कारण धार दोन पृष्ठे मिळून होते आणि त्यांतले एक खडबडीत असेल तर दुसऱ्यावरची मेहनत वाया जाते. आपल्याकडे निसण्यासाठी कुरुंदाचा दगड पूर्वापार वापरात आहे. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्दही तमिळमधल्या ‘कुरुंदम’वरून गेला, याचा मला दर वेळी दगड हातात घेताना आनंद होतो.

करवत जपानी पद्धतीची, दोन्ही कडांना दात असलेली आहे. एक कड रेषेच्या दिशेने चिरण्यासाठी आणि दुसरी आडवे कापण्यासाठी असते. आपली करवत ढकलताना कापते, म्हणून ती वाकू नये यासाठी पाते जाड ठेवावे लागते. ही ओढताना कापते. ओढताना पाते ताणलेले राहते, त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि चीरही बारीक पडते. कमी लाकूड खायचे म्हटल्यावर कमी जोर लागतो, आणि साठी उलटलेल्या खांद्याला तो फरक रोज जाणवतो. या करवतीचे दात उष्णतेने कडक केलेले असल्यामुळे त्यांना कानशीने धार लावता येत नाही, बोथट झाल्यावर पाते बदलावे लागते. आपल्या करवतीच्या दातांना घरी धार लावता येते, हा तिचा मोठा गुण मी मान्य करतो. तरी सात वर्षांत मला एकदाच पाते बदलावे लागले. जाड वासे कापणाऱ्यांनी मात्र आपली जुनी करवतच ठेवावी.

गुण्याबद्दल, म्हणजे काटकोन तपासण्याच्या हत्याराबद्दल, फार सांगण्यासारखे नाही, तो काटकोनात आहे आणि काटकोनातच राहिला आहे. दुकानातच तपासून घेण्याची पद्धत तेवढी सांगतो. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून टोकदार पेन्सिलीने रेघ मारावी, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्यांच्यात फट दिसली तर त्या फटीच्या निम्मी चूक गुण्यात आहे. मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असे पाच गुण्ये तपासून पाचवा घेतला, आणि दुकानदारांनी शांतपणे सगळे काढून दाखवले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

ठाण्याच्या पावसाळ्यात ही हत्यारे सांभाळणे हे वेगळे काम आहे. जुलैमध्ये गॅलरीत रात्रभर उघडे राहिलेले पाते सकाळी तांबूस दिसते, आणि बोटांचा घाम लागलेल्या जागी तर गंज दोन तासांतही उमटतो. काम संपल्यावर प्रत्येक पाते कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवतो, रंध्याच्या तळावर मेणबत्ती घासतो आणि पेटीत कापराच्या दोन वड्या ठेवतो. मेणामुळे रंधा हलकाही चालतो. खोबरेल तेल मी एकदा वापरून पाहिले, परंतु डिसेंबरच्या थंडीत ते थिजून पात्यावर चिकट थर बसला, म्हणून ते सोडून दिले.

गेल्या महिन्यात रंध्याचे पाते व्हर्नियरने मोजले. सात वर्षांच्या धारेने ते ४ मिलिमीटर झिजले आहे आणि वापरण्याजोगे अजून ३० मिलिमीटर उरले आहे. याच वेगाने ते आणखी पन्नास वर्षे पुरेल. एवढ्या काळात त्याला धार लावणारे हात दुसऱ्या कोणाचे असतील, म्हणून पात्याचे माप, वरच्या पट्टीचे अंतर आणि धारेचा कोन मी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.