हनुवटीवर पैसे घेतले, दोष जबड्यात होता

माझ्या धाकट्या बहिणीची हनुवटी लहानपणापासून जरा मागे. स्थळं यायला लागली तसं तिने मनावर घेतलं आणि आम्ही इथेच, नाशकात गंगापूर रोडला एका क्लिनिकमध्ये गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी मोबाइलवर तिचा बाजूने फोटो काढला आणि पाच मिनिटांत हनुवटी पुढे आणून दाखवली. बहिणीचे डोळे भरून आले. "आज बुकिंग केलंत तर 25 हजार कमी." मी तिथल्या तिथे पैसे भरले. पावतीवर नुसतं 'अॅडव्हान्स'.

डॉक्टर दिसले ते थेट ऑपरेशनच्या सकाळी. त्यांनी तिला दात चावून दाखवायलासुद्धा सांगितलं नाही. एक्स-रे नाही. इंग्रजी संमतीपत्राची चार पानं पुढे केली, सही घेतली आणि सिलिकॉनचा इम्प्लांट बसवला.

सूज उतरली तशी हनुवटी डावीकडे सरकलेली दिसू लागली. खालचा ओठ बधिर. विचारलं की एकच उत्तर, "सहा महिने थांबा." बधिरपणा जायला महिने लागतात हे खरं आहे, म्हणूनच आम्ही थांबलो. सातव्या महिन्यात मिसळ खाताना रस्सा तिच्या हनुवटीवरून ओघळून ओढणीवर पडला आणि तिला कळलंच नाही. आईने पदराने पुसलं. त्यानंतर ती बाहेर जेवायला आलेली नाही.

मग मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी तिला दात मिटायला लावले. वरचे दात खालच्यांच्या 9 मिलिमीटर पुढे! अख्खा खालचा जबडाच मागे होता. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) दिसलं की ओठाला संवेदना देणारी नस हनुवटीजवळ हाडातून जिथे बाहेर येते, तिथेच इम्प्लांट टेकलाय. खरा उपाय म्हणजे आधी वर्ष-दीड वर्ष ब्रेसेस, मग जबडा कापून पुढे घ्यायचा आणि टायटॅनियमच्या प्लेटांनी बसवायचा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, पण मग त्याच दिवशी बुकिंग झालं नसतं.

इम्प्लांट काढलाय. उजव्या बाजूची संवेदना बरीच परत आली, डावीकडची अजून नाही.

कुणी अशा ऑपरेशनचा विचार करत असाल तर आधी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरला, दात दाखवा. सर्जनची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. ओठ कायमचा बधिर राहू शकतो का, हे त्यांच्याच तोंडून ऐका. इम्प्लांटच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं (बॅच नंबरचं) स्टिकर फाइलला लावून घ्या. बिघडलंच तर कागदपत्रं लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे ती 72 तासांत मिळायला हवीत. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षांची असते. आमचे सात महिने "थांबा, थांबा" ऐकण्यातच गेले.

तक्रार दाखल केली आहे. स्टिकर क्लिनिकने अजून दिलेलं नाही.