चार ऑनलाइन फँटसी गेम: क्विअर खेळाडूने पात्र कुठे बनवावं?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी १४, गिल्ड वॉर्स २ आणि एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या चारही गेममध्ये समलिंगी आणि ट्रान्स खेळाडू उघडपणे खेळतात. त्यामुळे निवड करताना आधी स्वतःला विचारा: कथेत आपल्यासारखी पात्रं हवीत, आपल्या पात्राचं शरीर सहज बदलता यायला हवं, की जोडीदाराशी गेममध्ये लग्न लावायचंय? तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी चांगल्या मिळत नाहीत.

कथा हवी असेल तर गिल्ड वॉर्स २ घ्या. कास्मीर मीड आणि मार्जरी डेलाक्वा या दोघी मुख्य कथेतल्या सोबती आहेत. २०१३ मध्ये त्यांची जोडी समोर आली, २०१४ मध्ये पहिल्या हंगामाच्या (भागाभागाने आलेल्या कथेच्या टप्प्याच्या) शेवटी त्यांचं चुंबन दिसलं आणि पुढच्या भागांतही हे नातं टिकलं. सिल्व्हारी ही झाडापासून जन्मणारी जमात आहे, त्यामुळे त्यांच्यात प्रेमाचा वंशवाढीशी संबंधच नाही. केथ आणि फाओलेन यांचं बिघडलेलं नातं मूळ कथेतच येतं. लायन्स आर्च शहरात सिया नावाची ट्रान्स स्त्री भेटते, पण भूमिका इतकी छोटी की शोधत गेलात तरच सापडेल. मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे, मासिक वर्गणी नाही. गफलत होते ती कथेच्या क्रमात. नवे लोक दुसरा हंगाम विकत न घेता थेट एक्सपान्शनवर (गेमला वेगळा विकत घेऊन जोडायच्या नव्या भागावर) उडी मारतात आणि या दोघी कोण हेच कळत नाही. हंगाम क्रमाने खेळा. लग्नाची सोय मात्र इथे नाही.

पात्राचं शरीर बदलण्यात वॉरक्राफ्ट पुढे आहे. २०२० च्या ९.०.१ पॅचपासून (गेममधल्या सुधारणेपासून) न्हाव्याच्या दुकानात गेममधलं सोनं देऊन लिंग बदलता येतं, आणि ड्रॅगनफ्लाइट या एक्सपान्शनपासून (२०२२) ‘पुरुष-स्त्री’ऐवजी शरीरप्रकार १ आणि २ अशी निवड येते. बाकी तिघांत पात्र बनवताना अजून स्त्री की पुरुष हाच प्रश्न आहे, आणि नंतरचा बदल बहुधा पैशांचा: गिल्ड वॉर्समध्ये टोटल मेकओव्हर किट, एल्डर स्क्रोल्समध्ये रूपबदलाचं टोकन, फायनल फँटसीत फँटेशिया नावाचं औषध. फँटेशियाची एक बाटली पहिली मुख्य कथा संपवली की फुकट मिळते. ती घाईने पिऊ नका.

वॉरक्राफ्टमधला पेलागोस हा ट्रान्स पुरुष शॅडोलँड्स या एक्सपान्शनमध्ये (२०२०) आला आणि पुढे थेट मृतात्म्यांचा न्याय करणाऱ्या आर्बिटरच्या जागी बसला. एवढं मोठं स्थान मिळालेलं ट्रान्स पात्र या चौघांत दुसरं नाही. अडचण अशी की आज नवं पात्र सुरू केलं की गेम तुम्हाला वेगळ्याच कथेत नेतो. पेलागोस हवा असेल तर राजधानीत क्रोमी या पात्राला भेटून शॅडोलँड्स निवडा आणि पुढे तिथल्या गटांपैकी किरियन हा पक्ष घ्या, कारण त्याचं स्वतःबद्दलचं बोलणं तिथेच उलगडतं. याच गेममध्ये २००६ साली एलजीबीटी-स्नेही गिल्डसाठी (खेळाडूंच्या गटासाठी) माणसं गोळा करणाऱ्या सारा अँड्र्यूज यांना कंपनीने ताकीद दिली होती. ओरड झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली.

लग्नासाठी फायनल फँटसी १४ ला तोड नाही. ‘इटर्नल बॉन्डिंग’ हा विधी २०१४ च्या डिसेंबरात आला तोच लिंगाची अट न घालता. मोग स्टेशन या गेमच्या वेबसाइटवर अर्ज करायचा, ईस्ट श्राउडमधल्या सँक्टम ऑफ द ट्वेल्व्हची तारीख-वेळ ठरवायची, पाहुण्यांना बोलवायचं. साधा प्रकार फुकट, वरचे दोन साधारण १० आणि २० डॉलरचे. दोघांची पात्रं एकाच वर्ल्डवर (सर्व्हरवर) हवीत. लोक वेगवेगळ्या वर्ल्डवर पातळ्या चढवतात आणि मग हलवाहलवीचे पैसे भरतात. कथेत मात्र उघडपणे समलिंगी असं मोठं पात्र जवळपास नाही, प्रेमकथाच कमी. डॉनट्रेल (२०२४) या एक्सपान्शनमध्ये वुक लामात या पात्राला इंग्रजी आवाज देणाऱ्या सेना ब्रायर या ट्रान्स अभिनेत्रीला काही खेळाडूंनी खूप छळलं, तेव्हा इथले सगळेच लोक सालस असतात या समजुतीत राहू नका. ७.० पॅचपासून ब्लॅकलिस्टमध्ये (नको असलेल्या खेळाडूंच्या यादीत) टाकलेल्याची दुसरी पात्रंही अडवली जातात. तिचा उपयोग करा. आणखी एक: गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून विकत घेतला तर पुढची एक्सपान्शनही स्टीमवरूनच घ्यावी लागतात.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हा मधला पर्याय. मारा या देवीच्या लग्नविधीत लिंग वा वंश आडवा येत नाही, आणि दोघं अंगठ्या घालून एकाच गटात खेळले की १० टक्के जास्त अनुभव-गुण मिळतात. समरसेट या एक्सपान्शनमधली (२०१८) अल्केमी ही ट्रान्स नटी रेलेन्थिल गावात ‘मॅनर ऑफ मास्क्स’ या क्वेस्टमध्ये (कामगिरीत) भेटते. लिखाण चांगलं आहे.

भारतातून खेळताना गिल्ड वॉर्स आणि एल्डर स्क्रोल्सचे सर्व्हर अमेरिका किंवा युरोप एवढेच, त्यातला युरोप घ्या. एल्डर स्क्रोल्समध्ये पैसे देऊन घेतलेले क्राउन (गेममधलं चलन) आणि पात्रं दुसऱ्या सर्व्हरवर जात नाहीत, म्हणून जोडीदार किंवा मित्रमंडळी कुठे आहेत ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या.